मळ्यातल्या कण्हेरी

कण्हेर लावायला अक्कल लागत नाही, असं लोक म्हणतात. लावायला नाहीच लागत. सांभाळायला लागते, आणि ती मला पुरी पडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी स्वतःची आरती ओवाळायला बसली आहे असं कुणाला वाटायला नको.

माझं माहेर धुळ्याचं. वडील कचेरीत कारकून होते. पांझरा नदीच्या अलीकडे दोन खोल्यांचं भाड्याचं घर, पुढे चार हात अंगण, आणि दाराच्या डाव्या हाताला एक कण्हेर. गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची. उन्हाळ्यात धुळ्याला माणसं दुपारी बाहेर पडत नाहीत, कुत्री गटारीत जाऊन बसतात, आणि ही बया तेव्हाच अंगभर फुलायची. जाणारे-येणारे थांबून बघायचे. आईला ते फार आवडायचं, पण तोंडाने कबूल करायची नाही. "लोकांना कामधंदे नाहीत," म्हणायची, आणि दार थोडं जास्त उघडून ठेवायची.

आई पिंपळनेरकडची. शाळेत गेलेली नव्हती, बोलणं सगळं अहिराणी. वडील घरात कचेरीतलं मराठी बोलायचे, ती त्यांना अहिराणीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं छान चाललं होतं. कण्हेरीच्या बाबतीत मात्र तिचा शब्द शेवटचा. मी लहानपणी तांब्या तांब्या पाणी घालायला जायची, तर ती हात धरायची. "जास्ती पानी देशी ते बठ्ठा पाला येई, फूल येवाव नई." रोज पाणी दिलं की नुसता पाला माजतो. आठ दिवसांनी एकदा द्यायचं, पण भरपूर द्यायचं. बुडातून फुटणारे कोंब निर्दयपणे काढायचे, नाहीतर झाड वर चढतच नाही. शेंड्यांवर पिवळा मावा पडला की चुलीतली राख कापडातून झटकायची. पावसाळा सरला की तिसरा हिस्सा छाटायची. फूल नव्या फुटीवर येतं, जुन्या लाकडाला किती मायेने कुरवाळलं तरी ते काही देत नाही.

छाटलेलं मात्र ती कुठेही टाकायची नाही. खड्डा करून पुरायची. कण्हेर नखशिखांत विषारी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. ओलं पान इतकं कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पण वाळलं की कडूपणा लपतो आणि वाळक्या चाऱ्यात मिसळलं तर जनावर बिनधास्त खातं. जाळायचंही नाही, धूरही वाईट. चीक हाताला लागला तर आधी हात धुवायचे, मग डोळे चोळायचे. एवढं पथ्य पाळलं की कण्हेरीसारखं गुणी झाड नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा माझं लग्न झालं. ते पार दुसऱ्या टोकाला, रावेरकडच्या एका गावात. केळी आणि कपाशीचं घर. घर गावात नव्हतं, मळ्यातच होतं. सासरे, सासू, मोठे दीर, जाऊ, त्यांची चार मुलं आणि आम्ही दोघं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत आणि सासूबाईंना अक्का. मीही अक्काच म्हणायची. बोलणं इथलं निराळं. माझ्या तोंडून "आहे"ऐवजी आईचं "शे" निसटलं की जावेची पोरं खी खी हसायची. पहिले सहा महिने मी त्या घरात पाहुण्यासारखी वागले. पुढचे सहा महिने भांडले. मी मुळातच तोंडाची फटकळ, किती दिवस गिळून बसणार?

दुसऱ्या वर्षी आई गेली. आठ दिवसांच्या तापात. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्याला वडिलांनी सांगितलं की ते थोरल्या भावाकडे राहायला जाणार, घर सोडणार. मालकाला तिथे न्हाणीघर बांधायचं होतं, नेमकं कण्हेरीच्या जागी. आईची लुगडी बहिणींनी वाटून घेतली, भांडी भावजयीकडे गेली. मला कुणी विचारलं नाही आणि मी मागितलंही नाही. निघायच्या दिवशी सकाळी कोयता घेतला आणि कण्हेरीच्या नऊ काड्या कापल्या. करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांब. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातल्या.

धुळ्याहून चाळीसगाव, तिथे गाडी बदलायची, मग पाचोरा, जळगाव, भुसावळ, पुन्हा गाडी बदलायची. पाचोऱ्याला नवरा चहा आणायला उतरला, तर मी त्याच्यामागे नळावर फडकं ओलं करायला. गाडीने शिट्टी दिली, माझं चाललंच होतं. तो डब्यातून ओरडला, "अगं, काड्यांसाठी गाडी सोडतेस की काय!" मी धावत येऊन चढले आणि त्याच्याशी भुसावळपर्यंत बोलले नाही. माझी आई मेली होती, आणि हा त्यांना काड्या म्हणत होता.

मळ्यात पोचल्यावर मी त्या तांब्यात उभ्या करून ठेवल्या. अक्कांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे काय आणलं व?"

"कण्हेर. आईची."

"माह्या मळ्यात कण्हेर नको." एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला भयंकर राग आला. माहेरहून सोनं आणलं असतं तर बरं दिसलं असतं, असं मी जावेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. जावेनेच मग सांगितलं. अक्कांच्या लहानपणी त्यांच्या माहेरी कण्हेरीच्या वाळक्या फांद्या कुणीतरी कडब्यात टाकल्या आणि बैलांची जोडी एका दिवसात मेली. त्या वर्षी शेत पडीक राहिलं. अक्कांच्या वडिलांनी पुढे दुसऱ्याच्या शेतात कामं केली. हे ऐकल्यावर माझा राग ओसरला, पण काड्या काही फेकल्या नाहीत.

दोन दिवस घरात तणाव. शेवटी आबांनी दोघींना ओट्यावर बोलावलं. आबा कमी बोलायचे, आणि बोलले की तो विषय संपायचा. ते म्हणाले, "विहिरीच्या पल्याड, रस्त्याच्या बांधावर लाव. तिथून शेळ्या घुसतात, कुंपण तरी होईन. पण एक ऐक. एक जरी जनावर दगावलं, तर सारी उपटायची. तूच उपटायची."

"बरं," मी म्हटलं. अक्काही "बरं" म्हणाल्या, पण मनातून नाही.

नऊपैकी सहा लागल्या. पांढरी मुळं फुटल्यावर श्रावणात बांधावर लावल्या, दोन-दोन हातांवर. पहिला उन्हाळा त्यांनी कसा काढला ते मला माहीत. मे महिन्यात तिकडचा वारा म्हणजे भट्टीचं तोंड. केळीची पानं चिंध्या होतात, घडांना पाल्याने झाकावं लागतं. मी केळीच्या पाटातलं पाणी एका मडक्यात भरून आठवड्यातून एकदा नेऊन द्यायची. दीर म्हणायचे, "केळीच्या तोंडचं पाणी चोरून कण्हेरीला पाजते." मी म्हणायची, "केळी वर्षाने तोडून टाकता, माझी कण्हेर राहील." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, दुसरं काय.

दुसऱ्या वर्षी दोन-चार गुच्छ आले. तिसऱ्या वर्षी सहाही झाडं अशी फुलली की रस्त्यावरचे गाडीवाले बैलं थांबवून महादेवाला फुलं मागायला लागले. मी द्यायची, आणि प्रत्येकाला बजावायची की फांदी मोडायची नाही, पान गाडीत टाकायचं नाही. एका श्रावण सोमवारी पहाटे मी मोटेकडे चालले होते, तर अक्का बांधावर उभ्या. इकडेतिकडे पाहून दोन फुलं खुडली आणि पदराआड धरली. मी केळीत लपले. त्या दिवशी पूजेच्या ताटात ती फुलं होती. संध्याकाळी त्यांनी मला न मागता लोणच्याची फोड वाढली.

खरं सांगते, त्या घरात मी रुळले ती कण्हेरीमुळे. माझं म्हणून तिथे दुसरं काही नव्हतं. आईचा एक फोटोसुद्धा नव्हता, कधी काढलाच नव्हता. कधी नवऱ्याशी वाजलं, कधी अक्का टोचून बोलल्या, की मी विहिरीपलीकडे जायची आणि बुडातले कोंब काढत बसायची. जीव शांत व्हायचा.

पथ्य मी डोळ्यात तेल घालून पाळलं. छाटणी मीच करायची, दुसऱ्या कुणाला कोयता लावू द्यायची नाही. फाटकं लुगडं नेसायची, जनावरं दुसऱ्या टोकाला बांधायला लावायची, खाली जुनं पोतं पसरायची. एकेक पान वेचून कमरेइतक्या खोल खड्ड्यात पुरायची. अक्का लांबून पाहायच्या. चार वर्षं झाली, एकाही जनावराला काही झालं नाही. मला वाटायला लागलं की आता आपण जिंकलो.

आणि मग मी काटकसर केली.

आम्हा शेतकऱ्यांच्या घरच्या बायकांना सरळ काठी फेकवत नाही. हा रोगच आहे. दोरीचा तुकडा, पत्र्याचा डबा, सरळ काठी, टाकायला हात धजत नाही. त्या वर्षी छाटणीत कण्हेरीच्या अकरा सुरेख काठ्या निघाल्या. छातीइतक्या उंच, अंगठ्याएवढ्या जाड, सरळ. माझ्या वालाच्या वेलांना आधार हवाच होता. मी पानं तर काढलीच, साल खरवडली, चार दिवस उन्हात ठेवल्या, आणि वेलाजवळ रोवून माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांनी वेल बांधले. मेलेली काठी काय करणार, म्हटलं. वेल संपला तेव्हा त्या काठ्या उपटून त्याच चिंध्यांनी एक जुडी बांधली आणि गोठ्यामागच्या भिंतीला टेकवून ठेवली, पुढच्या वर्षासाठी. तिथेच शेजारी कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग होता, सरपणाचा. मी जुडी थोडी बाजूला ठेवली होती. निदान मला तसं आठवतं.

पुढे वर्ष सरलं, जुडी तिथेच राहिली, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांगं तोंडात घालायचं. त्या दिवशीचं भरीत म्हणजे नुसतं जेवण नाही, सोहळाच. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं यायची, कामाच्या बायका, त्यांची पोरं, चाळीसेक पानं होत. हिरवी पांढुरक्या रेघांची मोठी वांगी, एकेक तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं. ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावरच भाजायची. त्या जाळाची चवच वेगळी, चुलीवरच्या भरताला ती येत नाही. भाजायचं काम आबांचं. ते काड्यांचा थर लावत, वर वांगी मांडत, वरून पुन्हा काड्या टाकत आणि पेटवत. सोललेली वांगी मग बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट डोणीत घालून, लाकडी मुसळीने ठेचायची. ते काम जावेचं आणि माझं.

त्या दिवशी जवळजवळ सगळ्या वांग्यांचा ठेचा झाला होता. मिरच्या-लसणाची फोडणी ओतून झाली होती, कांद्याची पात चिरून तयार होती. आबा आंघोळीला विहिरीवर गेले. तळी उचलायची होती, ताटात भंडारा आणि खोबरं ठेवून येळकोट म्हणायचं होतं, त्याआधी कुणी घास खायचा नाही अशी रीत. पण पोरांना भूक लागलेली, म्हणून त्यांची पंगत आधी बसवली होती. केळीची पानं मांडून, हात मांडीवर ठेवून सात पोरं बसली होती. त्यात जावेची तीन, बाकी कामाच्या बायकांची. माझी मुलगी अडीच वर्षांची, ती घरात झोळीत झोपली होती.

शेवटची दोन वांगी जाळाच्या कडेला राहिली होती, ती आणायला मी गेले. राखेच्या काठाला एक अर्धी जळलेली काठी पडली होती. कपाशीच्या काडीसारखी वेडीवाकडी नव्हती. सरळ. आणि तिच्या न जळलेल्या टोकाला हिरव्या लुगड्याची चिंधी होती.

मी गोठ्यामागे गेले. पळाले नाही, चालत गेले. भिंतीजवळची जागा रिकामी होती. अकराच्या अकरा गेल्या होत्या.

मी परत आले, वांगी सोलली आणि बडगीपाशी बसले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी बसले आणि मुसळी हातात घेतली. डोक्यात एकच होतं, सांगितलं की कण्हेर गेली. अक्का जनावराची अट धरून बसल्या होत्या, इथे तर पोरं होती. कोण ठेवू देणार? आई जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि ती दुसऱ्यांदा जाणार होती. मग मन वकिली करायला लागलं. नुसता धूर तर लागला. वांग्याला जाड साल असते. काठ्या वर्षभर वाळलेल्या, त्यांच्यात काय राहिलं असेल? मन चोर असलं की कारणांना तोटा नसतो.

जाऊ म्हणाली, "मीठ टाकू का व?"

मी म्हणाले, "टाका."

तिने मीठ टाकलं, मी ठेचलं. तिने पातेलं भरलं आणि पंगतीत वाढायला लागली. पहिलं पान, दुसरं पान. कामाच्या बाईचा एक मुलगा, वरचे दात पडलेला, वाकून भरताचा वास घेत होता. तिसरं. चौथं. विहिरीकडून आबा ओलं धोतर पिळत येताना दिसले. अक्का देव्हाऱ्यापाशी तळीचं ताट लावत होत्या. तळी उचलली की सगळी खाणार, हे मला दिसत होतं. पाचवं. सहावं. माझी मुसळी चालूच होती, बडगीत ठेचायला काही उरलं नव्हतं तरी.

तेवढ्यात जावेची थोरली मुलगी घरातून माझ्या पोरीला कडेवर घेऊन आली. नुकती उठलेली, डोळे चोळत होती. तिने तिला पंगतीच्या शेवटी, आठव्या पानावर बसवलं. जावेने कौतुकाने तिच्यापुढे इवलंसं भरीत ठेवलं. तिला तळी-बिळी काय कळणार? तिने हात घातला.

मी अशी ओरडले की गोठ्यातली बैलं उठून उभी राहिली. "खाऊ नका! कुणी खाऊ नका! कण्हेर आहे त्यात!" बडगी ओलांडून गेले, पोरीचा हात धरून झटकला, तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. काही नव्हतं. ती भोकाड पसरून रडायला लागली. मग मी एकेक पान उचलून लांब फेकत सुटले. जाऊ मला आवरायला धावली, तिला वाटलं माझ्या अंगात आलं.

मी जळकी काठी आणून आबांपुढे टाकली आणि सगळं सांगितलं. काठ्या मीच ठेवल्या, मीच विसरले. आताच काठी पाहिली, असं म्हणाले. एवढं एकच खोटं बोलले, बाकी सगळं खरं.

काड्यांचा भारा गोठ्यामागून आबांनीच उचलून आणला होता. अक्कांनी काठी उचलली, मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, "सारं पुरा. बडगीसुद्धा." चाळीस माणसांचं भरीत खड्ड्यात गेलं. लोकांनी रोडगे ताकाबरोबर खाल्ले आणि गेले. कुणी वाकडा शब्द बोललं नाही, उलट बायका जाताना माझ्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून जात होत्या.

मी रात्रभर वाट पाहत होते की अक्का काय म्हणतात. सकाळी त्या स्वतःच ओट्यावर आल्या आणि आबांना म्हणाल्या, "अट जनावराची होती. जनावर मेलं नाई. आणि पोराइले तर तिनंच वाचवलं. झाड उपटलं जाईन म्हणून दुसरी गप्प बसली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "राहू दे तुही कण्हेर. तुह्या मायची हाये ती."

मला वाटलं जमीन दुभंगावी. त्यांनी चांगली झोडपली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून अक्कांना दुसरा विषयच नव्हता. विहिरीवर, बाजारात, कुणाच्या बारशाला, जिथे तिथे माझी कीर्ती. "माह्या सुनेनं पाहिलं तशी वरडली. झाडाचा इचार केला नाई." ज्या बाईने पाच वर्षं मला धड हाक मारली नव्हती, ती आता माझ्या ताटात तूप वाढायला लागली होती. आणि मी विहिरीपलीकडे गेले की ती सहा झाडं दिसायची आणि माझं तोंडचं पाणी पळायचं. आई आठवायची नाही. वास घेणारा तो दात पडलेला मुलगा आठवायचा.

आठ दिवस काढले. नवव्या दिवशी कुदळ घेतली.

कण्हेर उपटणं सोपं नाही. वर डोक्याहून थोडी उंच दिसते, पण मुळं खाली लांबवर गेलेली असतात आणि तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. पहिल्या दिवशी दोनच झाली. हाताला फोड आले. नवरा म्हणाला, "डोकं फिरलंय का? आई तर ठेव म्हणाली." मी म्हटलं, "पोरं लहान आहेत, परत भानगड नको." त्याला ते पटलं, त्याला सगळंच पटकन पटायचं. दुसऱ्या दिवशी चौथ्या झाडाशी अक्का आल्या. त्यांनी माझ्या हातातली कुदळ धरली.

"काहाले व? मी काही म्हटलं का तुले?"

मी मान हलवली. त्या क्षणी सांगून टाकावं असं फार वाटलं. तोंड उघडलंही. पण त्यांचे डोळे भरले होते, माझ्या आईसाठी भरले होते, आणि माझ्याच्याने झालं नाही. मी म्हणाले, "अक्का, सोडा." त्यांनी कुदळ सोडली आणि बांधावर बसून रडायला लागल्या. मी रडले नाही. सहाही काढली, मुळं वेचली, कमरेइतका खड्डा करून पुरली. त्या बांधावर पुढे दिरांनी काटेरी कुंपण घातलं.

बऱ्याच वर्षांनी मी एका डॉक्टरांना आडवळणाने विचारलं. ते म्हणाले, वाळक्या काठीच्या धुराने कदाचित काहीच झालं नसतं, कदाचित पोटं बिघडली असती. असेल. त्या घटकेला मला ते विष म्हणूनच माहीत होतं, आणि मी "टाका" म्हणाले होते.

पुढच्या चंपाषष्ठीला नवी बडगी आली. आबांनी एकेक काडी हाताने तपासून जाळ केला. माणसं जमली, तळी उचलून झाली, पोरांची पानं मांडली. अक्कांनी पातेलं स्वतः घेतलं आणि पोरांना वाढायच्या आधी एक पान माझ्यापुढे मांडलं. चाळीस माणसांसमोर म्हणाल्या, "पहिला घास हिचा. हिच्यामुळं ही पोरं हायेत." त्या मुलाची आई हात जोडून उभी होती. तो मुलगा तिच्या पुढ्यात होता, त्याचे दात आले होते.

मग ती घरची रीतच झाली. अक्का होत्या तोवर दर वर्षी पहिलं पान माझं. त्या समोर बसायच्या, भरताचा गोळा वाढायच्या आणि म्हणायच्या, "खाय, पोरी."

मी खाल्लं. दर वर्षी खाल्लं.